जैसलमेर : पाण्याच्या दुर्भिक्ष्यावर उभे राहिलेले नगर

प्रस्तावना

राजस्थानच्या पश्चिम सीमेलगत थरच्या वाळवंटात वसलेले जैसलमेर हे नगर महाविद्यालयीन अभ्यास सहलींच्या कार्यक्रमात आता नित्याचे झाले आहे. या सहलींचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. सकाळी किल्ल्यावर चढायचे, राजवाडा व जैन मंदिरे पाहायची, दुपारी हवेल्या पाहून सायंकाळी सम येथील वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्तासाठी जायचे. गडसीसर तलावासाठी वेळ उरला तर उरला. या क्रमात विद्यार्थ्यांना वास्तू पुष्कळ दिसतात. परंतु वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरांहूनही कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात एक राजधानी साडेआठशेहून अधिक वर्षे कशी टिकली, हा इतिहासाचा मूळ प्रश्न बाजूला राहतो. जैसलमेरचा इतिहास हा प्रामुख्याने पाण्याच्या दुर्भिक्ष्याशी केलेल्या तडजोडीचा इतिहास आहे आणि आज या किल्ल्यासमोर असलेले संकट त्या तडजोडीच्या विस्मरणातून उद्भवले आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

स्थापना : आख्यायिका आणि भूगोल

भाटी राजपुतांची पूर्वीची राजधानी लोद्रवा ही जैसलमेरच्या वायव्येस सुमारे पंधरा किलोमीटरांवर होती. सपाट प्रदेशातील लोद्रवा आक्रमणांपासून सुरक्षित नव्हती. परंपरेनुसार रावळ जैसल याने इ.स. ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर नव्या किल्ल्याची पायाभरणी केली. भाटी स्वतःस यदुवंशी मानतात. श्रीकृष्णाने अर्जुनासह येथे येऊन, आपल्या वंशातील राजा या टेकडीवर राजधानी वसवील असे भाकीत केले आणि सुदर्शन चक्राने खडक फोडून पाणी काढले, अशी स्थापनेची आख्यायिका सांगितली जाते. किल्ल्यावरील जैसलू नावाची विहीर या कथेशी जोडलेली आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने अशा आख्यायिकेस घटनेचा पुरावा मानू नये, हे खरे; तथापि ती निरर्थकही मानू नये. इतर राजवंशांच्या स्थापनाकथांत देवी तलवार देते किंवा गुप्तधन सापडते. येथे देव पाणी देतो. राज्याच्या वैधतेचा पहिला आधार म्हणून ज्या समाजाने पाण्याची निवड केली, त्या समाजाची प्राथमिक चिंता कोणती होती, हे या कथेतून स्पष्ट होते. वेढ्याच्या काळात तटबंदीइतकेच किल्ल्यातील विहिरींना महत्त्व होते. चारणांच्या परंपरेत जैसलमेरचे ‘अडीच साके’ प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी दोन दिल्लीच्या सुलतानांच्या आक्रमणांशी निगडित आहेत, तर सोळाव्या शतकातील तिसऱ्या प्रसंगी जोहाराचा विधी पूर्ण होऊ न शकल्याने तो ‘अर्धा’ गणला जातो.

गडसीसर, आगोर आणि खडीन

म्हणूनच नगराची ओळख किल्ल्यापासून न करता गडसीसरपासून करणे अधिक युक्त ठरते. चौदाव्या शतकात रावळ घडसी याच्या काळात या तलावास आजचे महत्त्व प्राप्त झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळयोजना येईपर्यंत नगराच्या पाणीपुरवठ्याचा तो मुख्य आधार होता. काठावरील छत्र्या, घाट व देवळे यांवर प्रवाशाची दृष्टी प्रथम जाते. परंतु तलावाचे खरे सामर्थ्य काठाबाहेरच्या उघड्या, खडकाळ भूभागात आहे. पावसाचे पाणी वाहून तलावात येते त्या क्षेत्रास तेथे ‘आगोर’ म्हणतात. आगोर स्वच्छ राखणे हा सामाजिक नियम होता. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ (१९९५) या ग्रंथात या प्रदेशातील जलसंचयाच्या पद्धती आणि त्यांची शब्दसंपदा यांची नोंद केली आहे. पाण्याविषयीचे शब्दभांडार जेथे पाणी अल्प आहे तेथे अधिक समृद्ध असावे, ही बाब भाषेच्या प्राध्यापकांनाही विचारप्रवृत्त करील.

तलावाच्या वाटेवरील ‘तिलों की पोल’ हे प्रवेशद्वार तिलों नावाच्या गणिकेने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधविले, असे सांगितले जाते. राजघराण्यातील स्त्रियांना तिच्या दारातून जावे लागू नये म्हणून ते पाडण्याचा विचार झाला, तेव्हा तिने त्यावर मंदिर उभारून तो बेत निष्फळ केला, अशी लोककथा आहे. पाण्याच्या वाटेवर आपले नाव कोरणे ही त्या नगरात प्रतिष्ठेची परमावधी होती, एवढे या कथेवरून निश्चित म्हणता येते.

नगराबाहेर हीच दृष्टी शेतीत दिसते. कुलधरा व परिसरातील पालीवाल ब्राह्मणांनी ‘खडीन’ पद्धतीचा अवलंब केला होता. उताराच्या खालच्या अंगास मातीचा लांब बांध घालून पावसाचे वाहते पाणी अडवावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे आणि पाणी ओसरल्यावर त्याच ओलाव्यावर गहू-हरभऱ्याचे रब्बी पीक घ्यावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गावे ओस पडली. दिवाण सालिम सिंहाच्या जुलुमामुळे पालीवालांनी एका रात्रीत गावे सोडली, ही कथा सर्वश्रुत आहे. अभ्यासक मात्र करांचा बोजा, व्यापारातील घसरण आणि घटते पाणी या कारणांकडेही लक्ष वेधतात. विद्यार्थ्यांसमोर कथा व कारणमीमांसा ही दोन्ही ठेवल्यास इतिहासलेखनाच्या पद्धतीचा उत्तम पाठ कुलधऱ्याच्या पडक्या घरांमध्येच देता येईल.

व्यापार, मंदिरे आणि हवेल्या

शेतीच्या उत्पन्नावर एवढे वैभव उभे राहणे शक्य नव्हते. सिंध आणि त्यापलीकडील प्रदेशांना गुजरात, माळवा व दिल्लीशी जोडणारे उंटांच्या तांड्यांचे मार्ग जैसलमेरवरून जात. तांड्यास पाणी व संरक्षण हवे असे, राज्यास जकात मिळे आणि या देवघेवीतून व्यापारी समाज संपन्न झाला. किल्ल्यातील जैन मंदिरसमूह प्रामुख्याने पंधराव्या व सोळाव्या शतकांत उभा राहिला. पार्श्वनाथ, संभवनाथ, शीतलनाथ, चंद्रप्रभ इत्यादी तीर्थंकरांची ही मंदिरे एकमेकांस लागून असून स्थानिक पिवळ्या दगडातील त्यांचे कोरीव काम अत्यंत सूक्ष्म आहे. राजपूत राजाच्या किल्ल्यात, राजवाड्यापासून काही पावलांवर, जैन श्रेष्ठींची मंदिरे असावीत, ही गोष्ट राजसत्ता व व्यापारी समाज यांचे परस्परावलंबन दर्शविते.

किल्ल्याखालील नगरात पटवांच्या पाच हवेल्या आहेत. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याच्या कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचे काम सुरू केले आणि ते पुढे अनेक दशके चालले. नथमल हवेली १८८५ मधील आहे. हाथी व लालू या दोन कारागीर बंधूंनी तिचे दोन अर्धे भाग स्वतंत्रपणे घडविले, असे म्हणतात. प्रथमदर्शनी सारख्या वाटणाऱ्या दोन बाजूंतील नक्षी सारखी नाही, हे बारकाईने पाहिल्यास ध्यानात येते. बादल महालावरील ताजियाच्या आकाराचा मनोरा मुस्लिम कारागिरांनी उभारलेला आहे. राजपूत राजवाडा, जैन मंदिर आणि मुस्लिम कारागीर यांचा हा संगम या नगराचे सामाजिक वैशिष्ट्य होय.

या वैभवास ओहोटी लागण्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. १८१८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पेशवाईचा अस्त झाला त्याच वर्षी, जैसलमेरने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. पुढे मुंबई बंदराचा उत्कर्ष व लोहमार्गांचा विस्तार यांमुळे उंटांचे मार्ग मागे पडले. १९४७ च्या फाळणीने सिंधकडील वाट बंद झाली आणि तांड्यांचे नगर सीमेवरचे नगर बनले.

कोरडी हवा आणि दख्खनचा इतिहास

पाण्याच्या अभावाने या नगराकडून जसे पुष्कळ हिरावून घेतले, तसे काही जतनही केले. मंदिरसमूहातील ज्ञानभांडार पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरी यांच्या प्रेरणेने नावारूपास आले. तळघरासारख्या बंदिस्त जागेत आणि कोरड्या हवेत येथील ताडपत्रे शतकानुशतके टिकली. दमट हवा, बुरशी व कीड यांनी अन्यत्र जे नष्ट झाले, त्यातील काही भाग येथे सुरक्षित राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यास मुनी पुण्यविजय यांनी या संग्रहाची पद्धतशीर व्यवस्था लावली.

महाराष्ट्राच्या इतिहासाचे या भांडाराशी असलेले नाते आपल्याकडे पुरेसे ज्ञात नाही. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील संस्कृतज्ञ ब्यूलर हे १८७४ मध्ये हर्मन याकोबी यांच्यासह जैसलमेरला गेले. तेथे त्यांना बिल्हणाच्या ‘विक्रमांकदेवचरित’ या महाकाव्याचे हस्तलिखित मिळाले. पुढच्याच वर्षी ते मुंबई संस्कृत ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. काश्मीरमधून आलेल्या या कवीने कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कारकीर्द १०७६ ते ११२६) याचे चरित्र या काव्यात वर्णिले असून करहाट, म्हणजे आजच्या कराडच्या, शिलाहार राजकन्येच्या स्वयंवराचे वर्णनही त्यात आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील नगराची ही आठवण जिथे नदीला पाणी क्वचितच दिसते अशा वाळवंटी नगराने सांभाळली. ज्ञानभांडारासमोर उभे राहिलेल्या मराठी विद्यार्थ्यास एवढे सांगितले, तरी त्या बंद दाराकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलेल.

विपुलतेचे संकट

आता मूळ प्रतिपादनाकडे वळू. किल्ल्याची रचना कोरडेपणा गृहीत धरून झालेली आहे. सुमारे पंचाहत्तर मीटर उंचीची त्रिकूट टेकडी एकसंध कठीण खडकाची नाही. तिच्यात चिकणमाती व ठिसूळ खडकांचे थर आहेत आणि ते ओलाव्याने फुगतात व घसरतात. तट व बुरूज (त्यांची संख्या नव्याण्णव सांगितली जाते) पुष्कळ ठिकाणी चुन्यावाचून, दगडावर दगड बसवून रचलेले आहेत. जुन्या घरांची छपरे लाकडी तुळया, गवत व मातीचा जाड थर यांची असत. क्वचित पडणारा पाऊस झटपट बाहेर जावा म्हणून ‘घूट नाली’ नावाची निचऱ्याची व्यवस्था होती. घरोघरी पाणी डोक्यावरून आणावे लागत असल्याने सांडपाणीही मोजकेच निघे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गृहीतक बदलले. राजस्थान कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. पुढे इंदिरा गांधी कालवा असे नामांतर झालेल्या या प्रकल्पाचे पाणी १९८० च्या दशकात जैसलमेर जिल्ह्यात पोहोचले. नळ आले, त्यापाठोपाठ न्हाणीघरे व शौचालये आली. ही सुधारणा इष्टच होती. डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या स्त्रियांचे कष्ट कमी झाले, हे विसरून चालणार नाही. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ (१९७४) या चित्रपटाने किल्ल्यास देशभर ख्याती मिळवून दिली आणि पुढील दशकांत पर्यटन झपाट्याने वाढले. जुन्या घरांची अतिथिगृहे व उपाहारगृहे झाली. पाण्याचा वापर अनेक पटींनी वाढला; निचऱ्याची व्यवस्था मात्र त्या प्रमाणात सुधारली नाही. गळके नळ व तुंबलेली गटारे यांतून मुरलेले पाणी टेकडीच्या पोटात शिरू लागले.

परिणाम दिसण्यास विलंब लागला नाही. १९९० च्या दशकात काही बुरूज ढासळले. जागतिक स्मारक निधीने १९९६ मध्ये आणि त्यानंतरही या किल्ल्याचा समावेश धोक्यातील स्मारकांच्या सूचीत केला. त्यानंतर राणीच्या महालाच्या जतनाचे व बुरूजांच्या दुरुस्तीचे काम झाले. २०१३ मध्ये राजस्थानातील अन्य पाच गिरिदुर्गांसमवेत युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तरीही ऑगस्ट २०२४ मधील मुसळधार पावसानंतर तटाचा काही भाग कोसळला. ज्या किल्ल्याने वेढे सोसले, त्यास झिरपणारे पाणी सोसवेना, ही वस्तुस्थिती आहे.

यावर किल्ला रिकामा करावा असा उपाय सुचविला जातो. हा उपाय सोपा दिसतो. परंतु तो इतिहासाशी सुसंगत नाही. जैसलमेर हा वसता किल्ला आहे. आजही तेथे हजारो लोक राहतात, मंदिरांत पूजा होते, चौकात बाजार भरतो. रहिवाशांना हलवून उरलेली वास्तू सुरक्षित राहील कदाचित, परंतु जिच्यासाठी ती जतन करावयाची ती वस्तीच तेथे नसेल. दुसरीकडे, रहिवाशांची उपजीविका पर्यटनावर अवलंबून असल्याने वापर आहे तसाच चालू द्यावा, हा युक्तिवादही टिकणारा नाही. निवास आणि व्यवसाय यांत भेद करणे, निचऱ्याची व्यवस्था प्रथम दुरुस्त करणे आणि किल्ल्यातील पाहुण्यांच्या मुक्कामावर मर्यादा घालणे, हा मध्यम मार्ग अधिक न्याय्य वाटतो.

समारोप

या प्रश्नात आपण केवळ प्रेक्षक नाही. चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांची सहल किल्ल्यातील अतिथिगृहात मुक्कामास उतरते, तेव्हा तिने वापरलेले पाणीही टेकडीवरच सांडते. म्हणून अभ्यास सहलीचे नियोजन करणाऱ्या प्राध्यापकांनी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. मुक्काम किल्ल्याखालील नगरात ठेवावा आणि दर्शनाचा क्रम बदलावा : प्रथम गडसीसर व त्याचे आगोर, मग कुलधऱ्याचे खडीन, त्यानंतर हवेल्या व मंदिरे आणि शेवटी तट. या क्रमाने गेलेला विद्यार्थी तटापाशी पोहोचेल तेव्हा भिंतीवरील ओलाव्याचा डाग त्याच्या नजरेतून सुटणार नाही. दुष्काळ व टँकर यांची सवय झालेल्या आपल्या मराठवाडा-माणदेशातील विद्यार्थ्यास तर तो विशेष उमगेल. पाणी कमी असताना ते कसे वापरावे हे या नगराने साडेआठ शतके शिकविले. पाणी आल्यावर ते कसे वापरावे, हा धडा मात्र त्यालाही आणि आपल्यालाही अद्याप शिकावयाचा आहे.