प्लगवरची काजळी

स्वारगेटच्या एसटी स्थानकातून निघणाऱ्या डिझेलच्या गाडीचे इंजिन उघडले, तर त्यात स्पार्क प्लग सापडायचा नाही. बाहेर जेधे चौकात थांबलेल्या रिक्षात मात्र तो असतो. एके काळी मोठ्या गाड्यांतही तो होता. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, ती बेडफर्ड बनावटीची. त्या काळच्या बेडफर्ड बसचे इंजिन पेट्रोलचे, सहा सिलिंडरचे. म्हणजे एका गाडीला सहा प्लग. मोठ्या गाडीतला प्लग गेला आणि रिक्षावाल्याच्या खिशात तेवढा राहिला, हे कसे झाले? याचे बरेचसे उत्तर प्लगच्या टोकावर साचणाऱ्या काजळीत आहे. आणि ती काजळी पाहायची तर आधी शेतात जावे लागते.

जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९१७ मध्ये, अमेरिकेत हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर आला. अमेरिकेत तो सात लाखांहून अधिक बनला. हा ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करायचा आणि इंजिन तापले की रॉकेलवर न्यायचा. कारण साधे होते, रॉकेल स्वस्त. पुढे इंग्लंडमध्ये १९४६ पासून फर्ग्युसनचा छोटा करडा ट्रॅक्टर निघाला. त्याचीही रॉकेलसारख्या तेलावर चालणारी जात होती. आपल्याकडच्या विहिरींवरचे पेट्रोल-रॉकेलचे छोटे पंप ज्यांनी चालवले आहेत, त्यांना ही रीत वेगळी सांगायला नको.

स्वस्ताईची किंमत प्लग मोजत असे. रॉकेल पेट्रोलइतके सहज वाफ होत नाही. इंजिन पुरते तापण्याआधी तोटी फिरवली, तर तेलाचे थेंब तसेच सिलिंडरमध्ये जातात, अर्धवट जळतात आणि प्लगच्या चिनी मातीवर काळा थर बसतो. काजळीतून वीज वाहू शकते. मग ठिणगी दोन टोकांमधल्या फटीतून उडी मारण्याऐवजी थरावरून गुपचूप लोखंडात उतरते. सिलिंडर मुका होतो, इंजिन ‘मिसिंग’ करू लागते. न जळलेले रॉकेल खाली झिरपून ऑइलही पातळ करते, तो तोटा वेगळाच. म्हणून जुने चालक रेडिएटरपुढे पडदा ओढून इंजिन गरम ठेवत, आणि काम संपताना रॉकेल बंद करून काही मिनिटे पेट्रोलवर चालवत, म्हणजे दुसऱ्या दिवशी कार्बोरेटरमध्ये पेट्रोलच मिळे.

बिघाड शोधण्याची त्यांची पद्धत जुन्या इंजिनांवर आजही तशीच्या तशी वापरावी अशी आहे. चालू इंजिनातल्या एकेका प्लगची वायर लाकडी मुठीच्या साधनाने अलग करायची. ज्या वायरीने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मुका. मग इंजिन बंद करून त्याचा प्लग शेजारच्याशी बदलायचा. दोष प्लगबरोबर गेला, तर प्लग खराब. जागेवरच राहिला, तर वायर, कार्बोरेटर किंवा रिंगा. काढलेला प्लगही बोलतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. कोरडी, मखमली काजळी म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. चोक अडकला असेल. ओला, चकचकीत काळा थर म्हणजे रिंगांवरून ऑइल वर येते आहे. तिथे पॉलिश पेपरने घासून दोन दिवसांची सोय होते, इतकेच. प्लग बदलला तरी रोग तसाच. पांढरे, भाजल्यासारखे टोक सर्वांत वाईट, कारण इंजिन फाजील तापत असते. प्लगचे टोक साधारण साडेचारशे अंश सेल्सियसच्या वर राहिले, तर आपली काजळी आपणच जाळते.

आपल्या देशात फरिदाबादला आयशरने १९५९ मध्ये पहिला ट्रॅक्टर काढला, १९६३ मध्ये मुंबईत महिंद्रांची इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली. देशी ट्रॅक्टर वाढला तो डिझेलवर. डिझेलमध्ये हवा दाबूनच इतकी तापते की ठिणगी लागत नाही. पुण्यात खडकीला किर्लोस्करांची डिझेल इंजिने बनत होती. एसटीनेही डिझेल धरले. कष्टाच्या यंत्रांतून प्लग असा निघून गेला.

तो राहिला लहान माणसाच्या वाहनात. नवलमल फिरोदियांच्या खटपटीने ऑटोरिक्षा पुण्यात आली, बजाजला १९५९ मध्ये दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला. ही टू-स्ट्रोक इंजिने. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे, म्हणजे ओली काजळी जन्मजात. प्लग-पाना आणि जादा प्लग डिकीत नाही, असा स्कूटरवाला पुण्यात विरळाच. त्यातच रेशनवरचे निळे रॉकेल आणि पेट्रोल यांच्या भावातली दरी. गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त ठेवलेले रॉकेल वाटेतच गळून टाक्यांमध्ये जाऊ लागले. फोर्डसनवाला जे उघडपणे, इंजिन त्याच बेताने बनवून घेऊन करत होता, तेच इथे चोरून आणि पेट्रोलच्या इंजिनात होऊ लागले. भुर्दंड रिक्षावाल्याला: पैसे पेट्रोलचे, प्लगवर थर रॉकेलचा, आणि सवारी बसलेली असताना भर चौकात बंद पडलेली गाडी. भेसळ कधी पंपावर, कधी वाहनधारकाच्या हातूनही. दोष एकाच्याच माथी मारणे मला बरोबर वाटत नाही.

त्या दरीत किती पैसा होता, हे २५ जानेवारी २०११ रोजी दिसले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ इंधनाचा काळाबाजार पकडला, आणि त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. पुढे केंद्राने रॉकेलवरचे अनुदान टप्प्याटप्प्याने काढले; २०२१ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद उरली नाही. गॅस घरोघरी पोचला तसा रेशनचा निळा डबाही आटला. जुने रॉकेल इंजिन हौसेने जपणाऱ्याला आता तेल शोधत फिरावे लागते.

स्वारगेटच्या रांगेतल्या रिक्षाही बव्हंशी सीएनजीवर गेल्या आहेत. त्यांचा प्लग काढून पाहिला तर बहुधा कोरडा आणि स्वच्छ निघतो. मात्र गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे टोके झिजून फट लवकर रुंदावते. म्हणून तिथला मेकॅनिक आता काजळीपेक्षा गॅप आधी पाहतो.