उपरी, वाटसरू व कौलाचा कागद

जुन्या दप्तरांतून इनामाची सनद निघाली म्हणजे संग्राहक ती जिवापाड जपतात. कौल व दस्तकें यांकडे सहसा कोणी वळून पाहत नाहीं. परंतु परगांवाहून आलेल्या मनुष्यास अंमलदारापुढें आधार कोणता होता, याचें उत्तर याच उपेक्षित कागदांत आहे.

मराठेशाहींत पिढीजाद हक्काचा रयत तो मिरासदार. बाहेरून येऊन जमीन करणारा तो उपरी. मिरासीस गांव साक्ष असे. उपऱ्याचा आधार कौल, म्हणजे अभयवचन. पडीत जमीन लावणारास आरंभीं हलका सारा व पुढें वर्षावर्षास चढता, असा इस्तावा कौलांत ठरे. नव्या पेठेंत येणाऱ्या उदम्यांस कांहीं वर्षें करांची माफी मिळे. १७०८ त शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाल्यावर साताऱ्यास, आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धनांनीं राजधानी केल्यावर सांगलीस महत्त्व आलें. राजधान्या केवळ मूळच्या रहिवाशांनीं भरत नसतात.

वाटसरूचा कागद दस्तक. तो असे वाटसरूच्या हातीं, पण त्यांतील आज्ञा चौकीदारांस: मार्गीं अटकाव न करणें. इनाम-वतनाच्या राजपत्रांच्या अखेरीस तर तीन बंधनें वारंवार आढळतात. दरसाल ताज्या पत्राचा उजूर करूं नये. नक्कल लिहून घ्यावी. असल पत्र धन्यास परत द्यावें. अंमलदार बदलला तरी हक्क बदलत नाहीं, आणि कागद तपासण्याचा अधिकार म्हणजे तो बळकावण्याचा अधिकार नव्हे, हें तत्त्व यांत स्पष्ट आहे.

तथापि या व्यवस्थेस गौरवितांना तिची मर्यादा विसरूं नये. कौल ही राजाची कृपा होती. कागद हरवला कीं उपऱ्याचा पाय डळमळे. १९४६ च्या परदेशी नागरिकविषयक कायद्यानेंही आपण परकी नाहीं हें सिद्ध करण्याचा भार त्या मनुष्यावरच टाकिला, आणि त्याच्या जागीं आलेल्या २०२५ च्या कायद्यांतही तो नियम राहिला आहे. परंतु १९५० पासून अमलांत असलेल्या राज्यघटनेचें २१ वें कलम जीवित व स्वातंत्र्य यांचें रक्षण केवळ नागरिकास नव्हे, प्रत्येक व्यक्तीस देतें. २२ वें कलम, शत्रुराष्ट्रीय व प्रतिबंधक स्थानबद्धता हे अपवाद सोडून, अटकेचें कारण कळणें, वकिलाचा सल्ला मिळणें व चोवीस तासांत न्यायाधिकाऱ्यापुढें उभें केलें जाणें हे हक्क देतें. हे हक्क हातांतील कागदावर अवलंबून नाहींत. कौलाहून हें पाऊल पुढचें होय.

मिरजेस संस्कृताचे अध्यापक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी पत्रें छापून राजकारण उजेडांत आणिलें. उपऱ्यांचा इतिहास तितक्याच कष्टांची वाट पाहत आहे. ज्यांच्या संग्रहीं असे कौल व दस्तकें असतील, त्यांनीं तीं रद्दींत टाकूं नयेत, व पाठीवरील शेरेही उतरून घ्यावे, ही आमची विनंति आहे. चौकीवर काय घडलें, तें कधीं कधीं पाठीवरच लिहिलेलें असतें.