नेत्रदानातून डोळ्याचा पडदा बदलता येतो का?

'शुगरमुळे वडिलांच्या डोळ्याचा पडदा खराब झालाय. नेत्रदानात मिळालेला डोळा बसवला तर दिसेल का?' नांदेड-लातूरच काय, कुठल्याही घरात हा प्रश्न पडू शकतो. थोडक्यात उत्तर आहे: नाही, आज तरी नाही. पण का?

नेत्रदानात नेमकं काय बसवतात?

अख्खा डोळा नाही, फक्त कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक भाग. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तो दुसऱ्याच्या डोळ्यात बऱ्यापैकी टिकतो. मोतीबिंदूचा विषय आणखी वेगळा. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने ज्या शस्त्रक्रियांसाठी ओळखले जातात, त्यात गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात.

रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा. तो मेंदूचाच विस्तार आहे. त्यातून निघणारे सुमारे 10 लाख तंतू मेंदूपर्यंत जातात. ते एकदा तुटले की पुन्हा जोडता येत नाहीत.

मग प्राण्यांवरच्या प्रयोगांत काय दिसलं?

1986 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नवजात उंदरांच्या रेटिनाच्या पेशी प्रौढ उंदरांच्या डोळ्यात बसवल्या. बहुतेक ठिकाणी त्या टिकल्या. याची दोन कारणं सांगितली जातात. एक, पेशी कोवळ्या होत्या. दुसरं, डोळ्यात शरीराची प्रतिकारशक्ती जरा सबुरीनं वागते, परक्या पेशींवर लगेच तुटून पडत नाही.

पण टिकणं वेगळं आणि दिसणं वेगळं. बसवलेल्या पेशी अनेकदा सरळ थर न करता गोल गुंडाळ्या करून बसतात आणि जुन्या पडद्याशी त्यांची जोडणी होत नाही.

2006 मध्ये लंडनच्या संशोधकांनी उंदरांत अशी जोडणी झाल्याचं जाहीर केलं आणि आशा वाढल्या. 2016 मध्ये मात्र वेगळीच गोष्ट समोर आली. बसवलेल्या पेशी ओळखू याव्यात म्हणून त्यांना हिरवी खूण केली होती. ती खूण उंदराच्या स्वतःच्या पेशींतही उतरत होती! म्हणजे ज्या पेशी 'जोडल्या गेल्या' असं वाटलं, त्यातल्या बऱ्याच उंदराच्याच होत्या. नव्या पेशींकडून त्यांना प्रथिनं मिळत होती. त्यामुळे जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले.

माणसांत कुठवर आलंय?

2014 मध्ये जपानमध्ये एका वृद्ध महिलेच्या त्वचेपासून रेटिनाखालच्या आधारथराच्या पेशी तयार करून तिच्याच डोळ्यात बसवल्या. वर्षानंतरही त्या टिकून होत्या. नजर सुधारली नाही, पण खालावलीही नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अख्खा डोळा बसवला गेला. त्यात रक्तपुरवठा सुरू राहिला, पण त्या डोळ्यानं दिसलं नाही.

मग आपण काय करायचं?

- मधुमेह असेल तर वर्षातून एकदा रेटिनाची तपासणी कराच, नीट दिसत असलं तरीही.
- डोळ्यापुढे अचानक चमका, काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.
- कुणी 'रेटिना बदलून देतो' म्हणत पैसे मागितले, तर आधी नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात विचारा.
- नेत्रदान मात्र जरूर करा. मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, त्यामुळे लगेच कळवावं लागतं. चष्मा असला किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी चालतं. एका माणसाच्या नेत्रदानातून दोघांना दृष्टी मिळू शकते.