संगणकातली भानामती

खेड्यापाड्यांत एक प्रकार पूर्वापार चालत आला आहे. रात्री कुणाच्या तरी उंबऱ्यावर कुंकू लावलेलं लिंबू पडतं आणि सकाळी नेमका मांत्रिक दारात हजर होतो. 'घरावर करणी केलीय,' म्हणतो, उतारा सांगतो, पैसे घेतो. लिंबू कुणी ठेवलं, हे विचारायचं घरच्यांना सुचत नाही. कुठे गंडा, कुठे ताईत. नावं वेगळी, धंदा एकच. संगणक आला आणि हा धंदाही त्याच्या पाठोपाठ आला. 'आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे, ताबडतोब आमचं अँटीव्हायरस घ्या,' अशी जी ई-मेल पत्रं येतात, त्यांची वंशावळ पाहण्यासारखी आहे.

१९८६ साली लाहोरच्या दोघा अल्वी बंधूंनी 'ब्रेन' हा विषाणू लिहिला. पीसीवर पसरलेला हा पहिला विषाणू मानला जातो. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो जगभर गेला. गंमत अशी, की त्यात या भावांनी आपली नावं, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता; लस हवी असेल तर संपर्क साधा, असंही सुचवलं होतं. रोग देणाऱ्यानं आपला पत्ता दिला होता! पुढे उतारा विकणाऱ्यांनी मात्र आपला पत्ता कधी दिला नाही.

तीनच वर्षांनी, डिसेंबर १९८९ मध्ये, सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालानं वेगवेगळ्या देशांत पोहोचल्या. त्यावर एड्सविषयी माहिती असल्याचं लिहिलं होतं. फ्लॉपी वापरल्यानंतर संगणक साधारण नव्वद वेळा सुरू झाला, की फाइलींची नावं गुंतवळ होऊन जात आणि पडद्यावर फर्मान येई: पनामाच्या टपालपेटीत १८९ डॉलर पाठवा. या प्रकरणात डॉ. जोसेफ पॉप यांना अटक झाली. मात्र त्यांची मानसिक अवस्था खटल्याला योग्य नसल्याचं ठरलं. जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञानं त्यावर उतारा लिहिला आणि तो फुकट वाटला. हेही विसरू नये.

१९९२ मध्ये 'मायकेलँजेलो' विषाणूची हाकाटी झाली. ६ मार्चला, त्या महान कलावंताच्या जन्मदिवशी, जगातले लाखो संगणक बंद पडणार, असं वृत्तपत्रांनी छापलं. प्रत्यक्षात बाधा झाली ती काही हजारांना. विषाणू खरा होता, भीती मात्र त्याच्या कितीतरी पट मोठी होती. त्या भीतीवर अँटीव्हायरसचा खप वाढला. म्हणजे अँटीव्हायरस हीच लबाडी, असं मुळीच नाही. आपल्या पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून उभी राहिलेली 'क्विक हील' ही कंपनी याच व्यवसायातली. पण भीती विकली जाते, हे एव्हाना भामट्यांच्याही ध्यानात आलं होतं.

सप्टेंबर २००३ मध्ये 'स्वेन' आला. हुबेहूब मायक्रोसॉफ्टचं वाटावं असं पत्र, सोबत सुरक्षेची दुरुस्ती म्हणून जोडलेली फाइल. ती फाइलच विषाणू होती आणि संगणकातला खरा पहारेकरी बंद पाडायचा प्रयत्न करी. त्यानंतर 'विनफिक्सर', 'एक्सपी अँटीव्हायरस' अशी नावं आली. जाहिरातीतून एक खिडकी उघडे, खोटी तपासणी चाले आणि शेकड्यांनी 'दोष' सापडत. यामागच्या कंपनीचं मोठं कार्यालय युक्रेनमध्ये, कीवला होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं डिसेंबर २००८ मध्ये तिला न्यायालयात खेचलं. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसले होते. २०१२ मध्ये सोळा कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल लागला.

आता गोष्ट आपल्या दाराशी येते. त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, याच कमिशननं अशा टोळ्यांविरुद्ध पाऊल उचललं, ज्यांतल्या बहुतेक भारतातून चालत होत्या. नामांकित कंपन्यांचं नाव सांगून परदेशात फोन करायचा, संगणकातल्या नेहमीच्या निरुपद्रवी नोंदी दाखवून 'पाहा, विषाणू!' म्हणायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथं भीती विषाणूची नव्हे, अमेरिकी प्राप्तिकराची घातली जाई; रीत तीच. नोकरीसाठी आलेली मुलं-मुली हातातला कागद वाचून दूरदेशीच्या म्हाताऱ्या माणसांना धमकावत होती. इंग्रजी शिकवून आपण त्यांच्या तोंडी काय दिलं, हा प्रश्न कुणालाही अस्वस्थ करील.

आजचं पत्र बहुधा बिलाच्या रूपात येतं. 'आपल्या अँटीव्हायरसचं नूतनीकरण झालं, रक्कम खात्यातून वळती होईल. नको असल्यास चोवीस तासांत या क्रमांकावर फोन करा.' फोन केला, की समोरचा गोड बोलून एक प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगतो. तो घेतला, की आपला संगणक त्याच्या हाती. मग पडद्यावरचे आकडे बदलून, 'चुकून जास्त परतावा जमा झाला, उरलेले पाठवा,' अशी काकुळती. गेलेले पैसे मात्र खरे असतात.

ओळख सोपी आहे. पत्र पाठवणाऱ्याला आपल्या संगणकात डोकावता येत नाही. तेव्हा 'विषाणू सापडला' हे ई-मेलवर सांगणारा खोटाच. पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका, पूर्ण ई-मेल पत्ता वाचा. जे विकतच घेतलं नाही त्याचं बिल, घड्याळ लावलेली मुदत, पत्रातच दिलेला फोन नंबर, न मागता जोडलेली फाइल: यांतलं एक दिसलं तरी थांबा. पत्रातल्या कशावरही बोट ठेवू नका. शंका असेल तर संगणकातलं अँटीव्हायरस स्वतः उघडून मुदत पाहा, बँकेचं खातं स्वतः तपासा. विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत अँटीव्हायरस अंगभूतच येतं, हेही लक्षात ठेवावं.

आणि फसगत झालीच तर? इंटरनेट तोडा, कार्डामागच्या क्रमांकावर बँकेला कळवा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवा. पहिले काही तास मोलाचे असतात.

पण बहुतेकांचे ते तास लाजेत जातात. पेन्शनीतले पैसे गेलेला माणूस मुलाला सांगत नाही, सूनबाई काय म्हणेल म्हणून गप्प बसतो. भामट्याचा खरा साथीदार ही लाज आहे. घरातल्या तरुणांनी 'तुम्हाला कळत कसं नाही?' हे वाक्य तेवढं गिळावं आणि शेजारी बसून १९३० फिरवावा. ज्या घरात आई-वडील 'हे पत्र जरा बघ रे' असं न संकोचता म्हणू शकतात, त्या घराच्या उंबऱ्यावरचं लिंबू हे नुसतं लिंबूच राहतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)