विंचूदंश, बालकाचे हृदय आणि पालकांचा प्रश्न : महाड-पोलादपूर परिसरातील वैद्यकीय इतिहासाचे एक प्रकरण

प्रस्तावना

बालकांच्या हृदयविकाराचा विचार करताना जन्मजात दोष आणि ऱ्हुमॅटिक तापानंतर झडपांना होणारी इजा ही दोन कारणे प्रामुख्याने डोळ्यांपुढे येतात. कोकणाच्या ग्रामीण भागात मात्र तिसरे कारण पिढ्यान्‌पिढ्या अस्तित्वात होते. ते म्हणजे तांबड्या विंचवाचा दंश. सकाळपर्यंत धडधाकट असलेले मूल दंशानंतर काही तासांत धापा टाकू लागे, तोंडाला फेस येई आणि अनेकदा ते दगावे. 'विंचू पायाला चावला, मग छातीला काय झाले?' या पालकांच्या साध्या प्रश्नाला दीर्घकाळ समाधानकारक उत्तर नव्हते. हे उत्तर कसे घडत गेले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात महाड व पोलादपूर या तालुक्यांच्या संदर्भात घेतला आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी

सावित्री नदीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी हे दोन्ही तालुके वसले आहेत. मुंबई-गोवा महामार्ग दोहोंमधून जातो आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढता येते. हमरस्ता सोडला की वाड्या-वस्त्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. दगडी गडगे, सरपणाचे ढीग, भाताचा पेंढा, कौलारू घरे आणि उष्ण-दमट हवा ही विंचवाला मानवणारी परिस्थिती येथे सहज आढळते. अनवाणी वावर, जमिनीवर झोपण्याची सवय आणि लाकूडफाटा हाताळण्याचे काम यांमुळे दंशाचा धोका लहानथोर सर्वांनाच असे. मुलाच्या शरीराचे वजन कमी असल्याने तेवढ्याच विषाचा परिणाम त्याच्यावर अधिक तीव्र होतो.

अशा वेळी पालकांचा पहिला आधार विंचू उतरवणारा जाणता हाच असे. मंत्र, झाडपाला, मुळी उगाळून लावणे असे उपाय चालत. या उपायांच्या यशाची कसोटी एकच होती : वेदना थांबली की विंचू उतरला. या समजुतीला अनुभवाचा आधार होता, कारण बहुसंख्य दंशांत तीव्र वेदनेपलीकडे काही घडत नाही आणि ती कालांतराने आपोआप ओसरते. परंतु नेमक्या जीवघेण्या दंशात हीच कसोटी पालकांची दिशाभूल करी.

निरीक्षणाचा टप्पा

विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी साचते, ही बाब वैद्यकीय वाङ्मयाला अगदीच अपरिचित नव्हती. १९६१ मध्ये मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याची नोंद केली होती. इस्रायलमध्ये ग्वेरॉन व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये विंचूदंशातील हृदयस्नायूंच्या इजेविषयी लिहिले. तथापि हे ज्ञान प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खाटेपर्यंत पोहोचलेले नव्हते.

१९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या या तरुण डॉक्टरांपुढे तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील विंचूदंशाचे रुग्ण येऊ लागले. साधनसामग्री तुटपुंजी असली तरी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम व हातापायांचे तापमान नोंदवणे शक्य होते. या नोंदींतून रोगाचा क्रम उलगडला : उलटी, भरपूर घाम, लाळ, मुलग्यांत लिंगाची ताठरता आणि थंडगार हातपाय ही लक्षणे आधी दिसतात, हृदय व फुप्फुसांवरचे संकट त्यामागून येते. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा लेख नेमका या पूर्वसूचक लक्षणांविषयीच होता.

याच निरीक्षणांतून जुनी कसोटी उलटी ठरली. असह्य वेदनेने मूल आक्रोश करीत असेल, पण हातपाय उबदार असतील व अन्य लक्षणे नसतील, तर दंश बहुधा सौम्य असतो. याउलट वेदनेची फारशी तक्रार नसलेले, घामाने निथळणारे, गार पडत चाललेले शांत मूल धोक्यात असते. त्याचे हातपाय पुन्हा उबदार होऊन दंशाच्या जागी वेदना परत जाणवू लागणे, हे सुधारणेचे चिन्ह होय. मुलाचे दुखणे थांबले म्हणून निश्चिंत होणाऱ्या पालकांना ही गोष्ट समजावून सांगणे औषधाइतकेच महत्त्वाचे होते.

उपचाराचा टप्पा

पायाचा छातीशी संबंध पुढीलप्रमाणे आहे. तांबड्या विंचवाचे (जुन्या वैद्यकीय लेखनातील मेसोबुथस टॅम्युलस) विष मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, त्या दाबाविरुद्ध हृदयाला झगडावे लागते आणि अखेरीस थकलेल्या हृदयामागे फुप्फुसांत पाणी साचते. म्हणजेच मूळचे निरोगी हृदय या वादळात सापडलेले असते.

हे लक्षात आल्यावर रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांकडे लक्ष वळले. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइडचा वापर झाला. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने देऊन रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या तालुक्यात असा उपचार सर्वांना मिळणे अशक्य होते. प्राझोसिन ही रक्तदाबावरील गोळी तोच परिणाम तोंडावाटे साधते. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तिच्या वापराविषयी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. बालकांसाठी किलोमागे ३० मायक्रोग्रॅम मात्रा आणि हातपाय उबदार होईपर्यंत ठरावीक अंतराने तिची पुनरावृत्ती, अशी पद्धत रूढ झाली. रक्तदाब एकाएकी उतरू नये म्हणून मुलाला आडवे ठेवण्याची दक्षता त्यात होती. बावस्कर यांच्या लेखनानुसार, पूर्वी गंभीर दंशात सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण प्राझोसिननंतर १ टक्क्याच्या आसपास आले.

पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार होणारी विंचूविषावरील प्रतिलसही उपलब्ध झाली. महाड येथील ७० रुग्णांवरील चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. प्रतिलस व प्राझोसिन एकत्र दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण १० तासांत पूर्ण बरे झाले, केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. बरे होण्याचा सरासरी कालावधी अनुक्रमे ८ व १७.७ तास होता. मात्र ही चाचणी एकाच केंद्रातील होती आणि कोणता उपचार दिला जात आहे हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, ही मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

निष्कर्ष

२०२२ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्री सन्मान मिळाला. तथापि या इतिहासाचे महत्त्व एका व्यक्तीच्या गौरवापुरते नाही. वैद्यकीय ज्ञान महानगरात निर्माण होते आणि खेड्यात वापरले जाते, हा सर्वसाधारण समज येथे खोटा ठरतो. प्रश्न सावित्रीच्या खोऱ्यातील पालकांचा होता आणि उत्तराची जुळणीही तेथील खाटेपाशीच झाली. मुलाचे हृदय कायमचे दुबळे राहील काय, या भीतीलाही आज उत्तर आहे : वेळेवर उपचार मिळाल्यास ते बहुतेक बालकांत पूर्ववत होते. वेळ वाचतो तो मात्र घरातच. 'दुखते का?' या प्रश्नाबरोबर 'हातपाय गार आहेत का?' हे पाहण्याची सवय आई-बापांना लागली, तरच गोळी वेळेत पोटात जाते.