काचेवरचा पांढरा डाग : वर्ध्याच्या जड पाण्याची कहाणी

१. धुतलेली काच उन्हात वाळली की तिच्यावर पांढुरके ठिपके उरतात. आपण त्यांना धूळ समजून पुन्हा पुसतो आणि ते पुन्हा उमटतात. ती धूळ नसते. तो खडकाचा अंश असतो. या ठिपक्याचा इतिहास वर्धा जिल्ह्याच्या भूमीतून सुरू होऊन पॅरिस आणि कॅलिफोर्नियापर्यंत जातो. आजचा धागा त्याविषयी.

२. वर्धा जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाचा हा बेसाल्ट. पावसाचे पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड शोषते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. असे पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये आले की आपण त्याला जड पाणी म्हणतो. त्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही. घरातल्या बाईला हे रसायनशास्त्र पुस्तकाआधी चुलीपाशी कळले.

३. १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढून वर्धा जिल्हा निर्माण झाला. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखले गेले. १८६७ मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि वर्धा त्या वाटेवरचे ठाणे बनले. पुढे येथूनच हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशाकडे फाटा गेला. हिंगणघाटचा कापूस जगाच्या बाजारात नावाजला.

४. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणीही लागे. जड पाणी उकळले की बॉयलरच्या नळ्यांवर चुनखडीचे कठीण पुट चढते. पुट चढलेल्या नळीतून उष्णता नीट जात नाही, म्हणून कोळसा अधिक जळतो, आणि नळी तापून फुटण्याचे भयही असते. त्यामुळे ठरावीक काळाने बॉयलर रिकामा करून धुणे हे रेल्वेचे नित्यकर्म होते. काचेवरचा डाग आणि बॉयलरमधले पुट ही एकाच कुळातली भावंडे.

५. उपायांचा शोध युरोपात आधीच सुरू झाला होता. १८४१ मध्ये स्कॉटिश रसायनज्ञ थॉमस क्लार्क याने पाणी मृदू करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जड पाण्यात मोजून चुना घातला की विरघळलेला चुना तळाशी बसतो. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार. १९३५ मध्ये अॅडम्स आणि होम्स या ब्रिटिश रसायनज्ञांनी आयन विनिमय करणारे कृत्रिम रेझिन तयार केले. त्याच्या सूक्ष्म मण्यांतून पाणी गेले की क्षार मण्यांना चिकटतात.

६. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. माती, बांबू आणि कौलांच्या बापू कुटीला काचेच्या भिंतींची गरज भासली नाही. आपल्याला खरोखर किती लागते, हा प्रश्न मात्र त्या कुटीने मागे ठेवला. धाग्याच्या शेवटी तो पुन्हा भेटेल.

७. आता आरओकडे. १७४८ मध्ये फ्रान्सच्या नोले या अभ्यासकाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पटलाने बांधले आणि भांडे पाण्यात बुडवले. पाणी आत शिरून पटल फुगले. हेच परासरण. बाहेरून जोराचा दाब देऊन हा प्रवाह उलटा फिरवला की क्षार अलीकडे राहतात आणि पाणी पलीकडे जाते.

८. कल्पना सोपी होती, पण पुरेसे पाणी सोडणारे पटल मिळत नव्हते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात सेल्युलोज अॅसिटेटचे नवे पटल घडवले. १९६५ मध्ये कोअलिंगा या कॅलिफोर्नियातील गावाला आरओचे पाणी मिळू लागले. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने या तंत्रावर मोठे काम केले.

९. उंच इमारतींच्या खिडक्या धुणाऱ्यांनी हेच तंत्र उचलले. लांब पोकळ दांडा, टोकाला ब्रश आणि त्यातून वाहणारे क्षाररहित पाणी. साबण नको, पुसणे नको. अशा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली असावे लागते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ५०० पर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह मानते, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा देते. पिण्यास उत्तम असलेले पाणीही काचेवर डाग पाडते, ते यामुळे.

१०. यंत्र निवडताना आधी आपले पाणी मोजावे. टीडीएस कमी असेल तर नुसते रेझिन पुरते. बोअरच्या जड पाण्याने मात्र रेझिन लवकर थकते, म्हणून आधी आरओ आणि मागून रेझिन हा क्रम शहाणपणाचा. समजा आत ६०० चे पाणी गेले आणि पटलाने ९५ टक्के क्षार अडवले, तर बाहेर ३० उरतात. ते शेवटचे ३० रेझिन टिपते. पाणी फारच जड असेल तर पटलाआधी मृदूकरणाची टाकी हवी, नाहीतर बॉयलरमधले ते जुने पुट आता पटलावर चढेल.

११. निगा म्हणजे शिस्त. गाळ अडवणारी आणि कार्बनची गाळणी वेळेवर बदलावी, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन आजच्या पातळ पटलांना कुरतडतो. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस वहीत नोंदवावा. दोहोंतील अंतर घटू लागले की पटल थकले. पटल कधीही सुकू देऊ नये. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि बहुतेक पटलांची सहनशक्तीही तेथेच संपते, म्हणून यंत्र आणि टाकी सावलीत असावी.

१२. आता कुटीने मागे ठेवलेला प्रश्न. आरओ शुद्ध पाणी देताना क्षारांनी दाटलेले पाणी बाहेर टाकतो. लहान यंत्रांत हे टाकाऊ पाणी शुद्ध पाण्याहून अधिकच भरते. डायलिसिसच्या एका बैठकीला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. तेथे हा खर्च प्राण वाचवतो. काचेच्या चकाकीसाठी, तोही विहिरी आटलेल्या उन्हाळ्यात, तो करावा का? करायचाच असेल तर टाकाऊ पाणी साठवून फरशी, संडास आणि अंगण धुण्यास वापरावे. शेवटची धार तेवढी शुद्ध पाण्याची ठेवावी.

१३. पुढच्या वेळी खिडकीवर पांढरा ठिपका दिसला की क्षणभर थांबा. तुमच्या बोटाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा एक कण आहे. तो पुसण्याआधी आपल्या विहिरीत यंदा किती हात पाणी उरले, तेही एकदा डोकावून पाहा.