ल्यूसीन

ल्यूसीन : प्रथिने घडवणाऱ्या २० ॲमिनो आम्लांपैकी एक. शरीराला ते तयार करता येत नाही, म्हणून ते आहारातूनच घ्यावे लागते. अशी आवश्यक ॲमिनो आम्ले ९ आहेत. त्यांतील ल्यूसीन, आयसोल्यूसीन व व्हॅलिन या तिघांची रेणुरचना शाखायुक्त असते.

क्रीडापोषणात ल्यूसीनला खास स्थान आहे, कारण ते केवळ कच्चा माल नाही. पेशीतील एमटॉर या प्रथिनसंकुलाला चेतवून ते स्नायुप्रथिनांची बांधणी सुरू करते. एका जेवणातून त्याचे सुमारे २ ते ३ ग्रॅम मिळाल्यास हा प्रतिसाद चांगला दिसतो. वाढत्या वयात स्नायू या संकेताला मंद प्रतिसाद देतात, त्यामुळे ज्येष्ठांना मात्रा थोडी अधिक लागते.

मात्र संकेत मिळूनही उरलेली आवश्यक आम्ले नसतील, तर बांधणी टिकत नाही. विटांविना गवंडी काय करणार? म्हणूनच केवळ शाखायुक्त आम्लांच्या महागड्या भुकट्यांपेक्षा पूर्ण प्रथिन श्रेष्ठ ठरते. पनीर करताना निथळणाऱ्या पाण्यातील व्हे प्रथिनांत ल्यूसीन सुमारे १० टक्के असते. दूध, अंडी, मासे हेही उत्तम स्रोत. ज्वारीत ल्यूसीन भरपूर, पण लायसीन कमी असते. ती उणीव डाळी भरून काढतात. त्यामुळे पिठले-भाकरीची जोडी शास्त्रालाही मान्य आहे.

नियमित व्यायाम करणाऱ्यांना रोज शरीराच्या दर किलो वजनामागे एकूण १.४ ते २ ग्रॅम प्रथिने पुरतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ला अनिवार्य आहे.